पाण्यात पाहणे

डॉक्टर झाहरांनी फुग्याचं उदाहरण दिलं.
खोल नेला की आक्रसतो, वर आणला की फुगतो,
आणि तुमच्या डोळ्यात, बाई, आत्ता तसाच एक फुगा आहे.
मी मान हलवली.
बावीस वर्षं हेच वाक्य
श्लेंदीच्या धक्क्यावर बसून
ओल्या केसांच्या जर्मन पोरांना सांगत आले.
फुगाही न्यायचे सोबत, लाल.

पडदा सुटला होता उजव्या डोळ्याचा.
मंगळवारी, कांदा चिरताना,
कोपऱ्यातून काळं पाणी चढत आलं.
भरती अशी नसतेच आमच्या समुद्राला;
मी पाहिलेली ती पहिली.

फेरीबोटीने पलीकडच्या बेटावर नेलं,
लेझरने डागलं, वायू भरला,
आणि सांगितलं: आठ दिवस तोंड खाली.
जेवताना, झोपताना, प्रार्थनेलासुद्धा.

आई अशीच बसायची,
पुढ्यात उशी, उशीवर लेस,
लाकडी रिळांची टकटक, मान कधी वर नाही.
मी पालथी पडून फरशी पाहिली.
अठरा लाद्या. एकीला तडा.
एक मुंगी कपाटाखाली गेली
तोवर तिच्यावर तरंगत राहिले,
श्वास पुरवून पुरवून,
टाकीत हवा थोडीच उरल्यासारखी.

मग उठले, तर नजरेच्या तळाशी बुडबुडा.
त्याची कड गवंड्याच्या पाणसळीसारखी,
हसलं की हलायची.
रोज थोडी खाली.
मग त्याचा मणी झाला, मग मोहरी,
आणि एका सकाळी पाव कापताना मोहरीही नव्हती.
मी दोनदा मान झटकली, शोधली.
खरं सांगू, जरा वाईटच वाटलं.

तरी पाणी नाही. आणखी थांबा, म्हणाले डॉक्टर.
मेलबर्नहून बहिणीचा फोन:
पुरे आता, चोपन्न झालीस.
वेन्झू काहीच म्हणाला नाही.
दर पंधरवड्याला त्याच्या गच्चीत
माझा सूट गोड्या पाण्यातून काढून वाळत घातलेला दिसायचा,
मीठ लावलेल्या टोमॅटोंच्या शेजारी.

दाराची चौकट अजून वाकडी दिसते मला.
देवळाचा घुमट एका अंगाला सांडलेला.
चहा ओतते तो अर्धा बशीत.
डोळा बरा झाला म्हणतात, तो असा.

आज वेन्झूने एवढंच विचारलं: मास्क कुठला?
जुनाच.
धक्क्यावर इंद्री त्याच्या होडीची नाळ रंगवत होता.
एक डोळा झालेला, निळा, भुवईसकट;
दुसऱ्या जागी कोरं लाकूड.
त्याने ब्रश वर केला. मी हात.

पाच मीटर. कान मोकळे केले.
नऊ. वेन्झूने बोटांनी विचारलं, ठीक?
मी तळहात आडवा डोलवला: असं तसं.
तो थांबला. थांबणं येतं त्याला.

बाराव्या मीटरला गवताचं कुरण.
एक पातं सरळ असेल तर शपथ.
नांगराचा दोर वाकडा, खडकाची कमान वाकडी,
वेन्झूसुद्धा कमरेतून दोन ठिकाणी मोडलेला.
डावा डोळा झाकून पाहिलं, उजवा झाकून पाहिलं.
अकरा महिन्यांत पहिल्यांदा
दोघांची साक्ष जुळली.

वैर धरलं की माणूस पाण्यात पाहतो म्हणतात.
समुद्राला मी तसंच पाहिलं वर्षभर,
खिडकीतून, पडदा ओढता ओढता.
त्याला पत्ताही नव्हता.
एक करडा ऑक्टोपस बिळातून
माझ्याकडे एकाच डोळ्याने बघत राहिला,
मग कंटाळला.

वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबलो.
आमचे बुडबुडे फुगत फुगत निघून गेले.
वेन्झूने पाटीवर लिहिलं: टोमॅटो घेऊन जा.
ओळ उजवीकडे घसरलेली.
त्याचं अक्षर तसं आहे, की माझा डोळा,
आठवेना.